तीन गुणांचं स्वमत

दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची. गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि पत्र, बातमी, जाहिरात, निबंध अशा उपयोजित लेखनाला २४. शंभरातले उरलेले २० गुण शाळेच्या हातात. गद्य विभागात पाठ्यपुस्तकातले दोन उतारे येतात. त्यांखालच्या चौकटी आणि आकृतिबंध भरून झाले की शेवटी एक कृती उरते, स्वमत. गुण तीन. बाकीच्या कृतींची उत्तरं उताऱ्यात दडलेली असतात, शोधायची आणि उतरवायची. स्वमताचं उत्तर उताऱ्यात नसतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, एवढंच तिथे विचारलेलं असतं.

गंमत अशी की चौकटी स्वतः भरणारी मुलंही स्वमत बाहेरून आणतात. कधी गाईडमधून, कधी शिकवणीच्या सरांनी सांगितलेल्या मुद्द्यांवरून, आणि अलीकडे मोबाइलवरून. स्वतःला काय वाटतं हे दुसऱ्याला विचारायचं, आणि त्यानं सांगितलेलं पाठ करून 'मला असं वाटतं की' या शब्दांनी सुरुवात करायची!

एक उदाहरण जवळून पाहू. कुमारभारतीत महेंद्र कदमांचा 'आजी : कुटुंबाचं आगळ' हा पाठ आहे. त्यावर आजीचं कुटुंबातलं स्थान काय, असं स्वमत कुणीही विचारेल. तयार उत्तर साधारण असं असतं : आजी हा कुटुंबाचा आधारस्तंभ असतो. ती नातवंडांवर चांगले संस्कार करते, गोष्टी सांगते. आजच्या विभक्त कुटुंबपद्धतीत आजीचे महत्त्व कमी होत चालले आहे, ही खेदाची बाब आहे. व्याकरण ठीक, शुद्धलेखन ठीक, तीनपैकी अडीच गुण कुठेच गेले नाहीत. फक्त ही आजी कुणाचीच नाही.

आता वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या मुलीनं समजा असं लिहिलं : आमची आजी वेचाईला जाते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तिची बोटं बोंडाच्या काट्यांनी फाटलेली असतात. ती मला अभ्यास कर असं कधी म्हणत नाही, लवकर झोप म्हणते, कारण तिला लाइटच्या बिलाची काळजी. पण माझी फी तिच्याच वेचाईतून भरली. पाठातली आजी सगळ्यांना धाकात ठेवते, आमची तर कुणाला काही बोलतच नाही, तरी घर तिच्याच भरवशावर चाललंय. हे उत्तर पाठाशी बोलतं, त्याच्याशी थोडं भांडतंही. तपासणाऱ्यानं थांबून वाचलं तर तीनपैकी तीन. पण गठ्ठा मोठा आणि मुदत थोडी असली की ओळखीचे मुद्दे दिसले तिथे बरोबरची खूण होते, आणि मुलांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून नुसतं 'मुलं आळशी झाली' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मुलं हिशेबी आहेत, आणि हा हिशेब त्यांना आपणच शिकवला.

गाईडची गोष्ट जुनीच. 'नवनीत' हे महाराष्ट्रात एका प्रकाशनाचं नाव उरलं नाही, पुस्तकाच्या जातीचं झालं. 'अपेक्षित' हे विशेषण नाम होऊन बसलं : "अपेक्षित आणलं का?" गाईड वाईटच असतं असंही नाही. ज्या घरात मराठीचा धडा समजावून सांगणारं कुणी नाही, जिथे शाळेत विषयशिक्षकाची जागा रिकामी आहे, तिथे गाईड हाच सर असतो. शब्दार्थ देतो, धड्याचा मथितार्थ सांगतो, रागावत नाही. त्याची अडचण एकच. त्याला उलट विचारता येत नाही. "सर, पण आमच्या घरी तर असं नाही," असं पान ४७ ला म्हणून पाहा.

राज्याच्या शिक्षण मंडळानं ही घोकंपट्टी मोडायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली आणि २०१८-१९ पासून दहावीला नवा अभ्यासक्रम आला. त्याच वर्षी भाषा विषयांचे शाळेकडचे अंतर्गत गुणही काढले. मार्च २०१९ चा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. कृतिपत्रिका राहिली, पण तिच्यासाठीही लगेच तयार उत्तरांची पुस्तकं निघाली. परीक्षा बदलली की गाईड बदलतं. गाईडची गरज तशीच राहते.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घराघरांत अभ्यासासाठी म्हणून मोबाइल आला. शाळा उघडल्या, मोबाइल परत गेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांचे आकडे आहेत. ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. हा दुसरा आकडा वर्तमानपत्रांना आवडतो. मला पहिला जास्त बोलका वाटतो. फोन वापरता येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं त्या पडद्याला अभ्यासातलं काहीतरी विचारताहेत.

आणि तो उत्तर देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि शोधण्याचीही गरज उरली नाही. विचारा, लगेच मराठीत उत्तर तयार. हे यंत्र उत्तर 'जाणतं' असं नाही. अब्जावधी वाक्यांवरून कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधत ते पुढे सरकतं. ज्या विषयावर जगात भरपूर लिहिलं गेलं आहे तिथे हा अंदाज चांगला जमतो. शेक्सपिअरच्या नाटकाबद्दल विचारा, बहुतेक वेळा पदरात काहीतरी पडतं. मराठीतली एखादी कविता, जिच्यावर जालावर चार ओळीही नाहीत, तिच्याबद्दल विचारलं की यंत्राजवळ धरायला काही नसतं, पण गप्प बसणं त्याला जड जातं. मग ते कवी बदलतं, कवितेत नसलेली ओळ घालतं, शेवटी निसर्गप्रेमाचा संदेश देऊन मोकळं होतं. आणि हे सगळं इतक्या ठाम, नीटनेटक्या भाषेत की पोराला शंका येत नाही. शंका यायला कविता वाचलेली हवी, आणि ती वाचली असती तर विचारलं कशाला असतं?

गाईडला उलट विचारता येत नव्हतं. यंत्राला येतं, ही मोठी सुधारणा, असं वरवर वाटतं. पण त्याच्याशी भांडून पाहा. "नाही, हे चुकीचं आहे," म्हणा. बरेचदा ते माफी मागतं आणि उत्तर फिरवतं, आधीचं बरोबर असलं तरी. वाद घालायला समोरच्याला काहीतरी धरून ठेवावं लागतं. जो लगेच हो म्हणतो त्याच्याशी बोलून आपलं मत बनत नाही, आपला हट्ट मात्र पक्का होतो.

इथवर अभ्यासाचं झालं. पण उत्तरं मागणाऱ्या या मुलांच्या प्रश्नांत दुसरंही काहीतरी मिसळलेलं असतं, आणि मोठ्यांचं तिकडे लक्ष नसतं. धड्याच्या प्रश्नाच्या शेपटीला एक वाक्य येतं. घरी भांडणं चालतात, अभ्यास होत नाही. एक मुलगा रोज मागे येतो, घरी सांगितलं तर शाळा बंद करतील. पेपर कोरा गेला, आता काय करू. दहावीच्या वयाला हे दोन प्रश्न वेगळे नसतातच. कवितेत काय आहे आणि माझ्यात काय चाललंय, या दोहोंचं उत्तर एकाच अंधारात चाचपायचं असतं. आणि ते परक्याला विचारण्याचं कारण साधं आहे. परका रागावत नाही, बाबांना सांगत नाही, कोपऱ्यावरच्या टपरीवर चर्चा करत नाही. निदान तसं वाटतं.

परक्याला पत्र टाकून असं विचारण्याची सर्वांत मोठी परंपरा वर्धा जिल्ह्यातच होऊन गेली. तिचा पत्ता होता शेगाव, मार्गे वर्धा.

जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले आणि एप्रिल १९३६ च्या अखेरीस तिथून शेगावात राहायला गेले. त्यांच्यामागून टपाल आलं. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव रेल्वेच्या नकाशावर आधीपासून होतं. टपाल खात्याचा घोळ होऊ लागला, पत्रं आणि तारा भलत्या शेगावी जाऊ लागल्या. अखेर १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. सेवेच्या आदर्शापायी हे नाव पडलं असं आपण शाळेत शिकतो, तेही खरंच. पण त्यामागे पत्त्याचा व्यावहारिक घोळ होता, हे मला जास्त आवडतं. इतकी माणसं इथे काहीतरी विचारायला लिहीत होती की गावाला नाव बदलावं लागलं!

या पत्रांत व्हाइसरॉयचीही असत आणि पोट बिघडलेल्या कार्यकर्त्याचीही. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई काही काळ वर्ध्याच्या मगनवाडीतून रोज पायी ये-जा करत आणि हा डोंगर उपसत. गांधीजी वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर उत्तरं खरडत. उजवा हात दुखला की डाव्यानं लिहीत. त्यांचं समग्र वाङ्मय १०० खंडांत छापलं गेलं, त्यात पत्रांचा वाटा फार मोठा. काही पत्रांची उत्तरं मात्र टपालानं न जाता 'हरिजन' साप्ताहिकात छापून येत, कारण प्रश्न एकाचा नसे.

असाच एक प्रश्न १९३८ मध्ये लाहोरहून आला. लिहिणारी कॉलेजात शिकणारी मुलगी. तक्रार अशी की मुलींना रस्त्यानं एकटं जाणं मुश्कील झालंय, तरुण मुलं वाटेत अडवतात, नको ते बोलतात. अशा वेळी मुलीनं करायचं काय, आणि अहिंसेचं त्यात काय स्थान, असा तिचा रोखठोक सवाल होता. तिनं स्वतःवर गुदरलेला एक प्रसंगही लिहिला होता. थंडीचे दिवस, रात्री आठचा सुमार, ती आणि एक मैत्रीण कामासाठी निघाल्या होत्या. सायकलवरचा एक जण त्रास देऊ लागला. तिच्या हातात जाडजूड पुस्तक होतं. तेच तिनं सायकलीवर भिरकावलं आणि ओरडली. तो पळाला.

हे पत्र गांधीजींच्या दप्तरात जवळजवळ दोन महिने पडून राहिलं. वेळ नव्हता हे निमित्त होतं, आपण उत्तर टाळत होतो, अशी कबुली त्यांनीच दिली. एका अनुभवी बाईंचं दुसरं पत्र आलं तेव्हा त्यांना लिहिणं भाग पडलं. ३१ डिसेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये, विद्यार्थ्यांना लाज आणणारी गोष्ट अशा अर्थाच्या मथळ्याखाली ते उत्तर छापलं गेलं. पुस्तक फेकलं ते योग्यच केलं, असा निर्वाळा त्यांनी दिला. अहिंसेच्या आचार्याकडून! अशा मुलांची नावं जाहीर करावीत, लोकमत त्यांच्याविरुद्ध उभं करावं, लाजेपोटी गप्प बसू नये, हेही सांगितलं. इथवर उत्तर उत्तम. पण पुढे त्यांची लेखणी घसरली. आधुनिक मुलीला एकाच वेळी अनेक रोमिओंची जुलिएट व्हायला आवडतं, ती ऊन-पावसापासून बचाव म्हणून कपडे घालत नाही, लक्ष वेधायला घालते, अशा अर्थाचं ते लिहून गेले. पत्र लिहिणारी त्यातली नव्हे, असं म्हणायलाही ते विसरले नाहीत. तरी व्हायचं ते झालंच. तक्रार मुलांची होती, कानउघाडणी मुलींची झाली.

मुली गप्प बसल्या नाहीत. कलकत्त्याहून अकरा मुलींनी नाव-पत्त्यासह निषेधाचं पत्र धाडलं. सगळ्या मुलींना एकाच मापानं मोजता कसं, दोष ज्यांचा त्यांना सोडून आम्हालाच बोल का लावता, असा त्याचा सूर. ४ फेब्रुवारी १९३९ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी त्या पत्राची दखल घेतली. 'आधुनिक मुली'बद्दलचं आपलं म्हणणं त्यांनी पुरतं मागे घेतलं नाही, शब्दाचा अर्थ मर्यादित केला, शिकलेली प्रत्येक मुलगी त्यात येत नाही म्हणाले. पण त्याच लेखात त्यांनी आणखी एका पत्राचा उल्लेख केला. ते होतं आंध्रातल्या एका मुलीचं. तिचं म्हणणं, आमच्याकडच्या मुली साध्या वेशात असतात, तरी त्यांना त्रास चुकत नाही. म्हणजे कपड्यांचा मुद्दा खोडून काढणारा पुरावा उत्तर देणाऱ्यानंच छापला.

हे प्रकरण मला मोठं शिकवणारं वाटतं ते गांधीजी बरोबर होते म्हणून नव्हे. अर्धे चुकलेच होते. पण त्या उत्तराखाली नाव होतं, पत्ता होता, आणि पटलं नाही तर उलट लिहायची सोय होती. लाहोरची मुलगी, कलकत्त्याच्या अकरा जणी आणि आंध्रातली ती एकटी अशी माणसं एका उत्तराभोवती जमली आणि ते उत्तर तासून निघालं. विचारणारी सल्ला घेऊन गप्प बसणारी नव्हती. पुस्तक फेकणारी होती.

तिचा प्रश्न ८०-८५ वर्षांत जुना झाला असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये याच जिल्ह्यात, हिंगणघाटला, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला मागे लागलेल्या माणसानं भर रस्त्यात पेटवलं. आठवडाभरानं ती गेली. दोन वर्षांनी न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. 'एक जण रोज मागे येतो' हे वाक्य कुणी अभ्यासाच्या प्रश्नाच्या शेपटीला जोडतं तेव्हा ते अवांतर नसतं, हे सांगायला आणखी काय हवं?

पत्र आणि पडदा यांत मात्र एक फरक आहे. लाहोरच्या मुलीचं नाव छापलं गेलं नाही. पत्र फोडणारी माणसं मोजकी होती आणि काय झाकायचं ते त्यांना कळत होतं. आज उघड्या जागी काही लिहिलं, त्यात शाळेचं नाव, गावाचं नाव, वर मोबाइल नंबर, की ते कुठे जाईल याचा नेम नाही. स्क्रीनशॉट काढायला क्षण लागतो, पुसायला जन्म पुरत नाही. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर आईवडिलांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. कायद्याचा हेतू चांगला. पण ज्या मुलीचा प्रश्नच मुळात आईवडिलांना सांगता येत नाही असा आहे, तिला हा कायदा दाराशीच अडवतो. यावर सोपा तोडगा मला दिसत नाही.

अभ्यासाच्या प्रश्नावर मात्र वर्ध्यानं एकेकाळी तोडगा शोधला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (आजचं नवभारत विद्यालय) शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. त्यातून झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू अशी मंडळी तिच्यात होती आणि डिसेंबरात अहवालही हातात आला. सात वर्षांचं सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षांवर त्या अहवालानं काय आसूड ओढला आहे ते फारसं कुणी सांगत नाही. चालू परीक्षापद्धती हा शिक्षणाला लागलेला शाप आहे, आणि वाईट शिक्षण तिला दिलेल्या अवास्तव महत्त्वानं आणखी वाईट झालं आहे, अशा अर्थाचं समितीनं लिहिलं. स्वमताची गाईडं पाहायला ती मंडळी हवी होती.

पुढे हिंदुस्तानी तालीमी संघ झाला आणि शांतिनिकेतनातून आलेल्या आशादेवी आणि आर्यनायकम या जोडप्यानं सेवाग्रामात या पद्धतीची, म्हणजे नई तालीमची, शाळा उभी केली. नई तालीमबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं, नमस्कार करून नाहीतर नाक मुरडून. पोरांना सूत कातायला लावून शिक्षण कसं होणार, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच पोकळ नाही. कातायचं ओझं झालं, मालाच्या विक्रीची गणितं चुकली, सरकारी बुनियादी शाळांत तर टकळी शोभेला उरली. पण मूळ कल्पनेत एक गोष्ट पक्की होती आणि ती आपल्या विषयाला भिडते. टकळीवर हात बसला नाही की धागा तुटतो. का तुटला? पेळू नीट झाला नव्हता, की पीळ जास्त बसला, की हवा कोरडी? इथे प्रश्न मुलाला पडतो, सरांनी फळ्यावर लिहिलेला नसतो. आणि उत्तर खोटं असलं तर पुढचा धागा पुन्हा तुटतो. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची गुंडी, हे मोजताना गणित आलं. रोज काय केलं ते लिहिताना भाषा आली. त्या रोजनिशीचं उत्तर कुणाकडून आणणार? आपण काय केलं ते आपल्यालाच माहीत असतं.

सेवाग्रामच्या आश्रम परिसरात २००५ पासून 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा याच धर्तीवर चालते. बागेत, स्वयंपाकघरात मुलं काम करतात आणि त्यातून अभ्यासाकडे येतात. अशा शाळा जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि दहावीची कृतिपत्रिका सगळ्यांना, हे खरंच आहे. तरी त्यातलं एक पथ्य कुठल्याही वर्गात पाळता येईल. स्वमताचा प्रश्न आधी तोंडी घ्यावा, आणि पहिलं उत्तर आलं की दुसऱ्या मुलाला विचारावं, तुला हे पटतं का. पाच मिनिटांत आजीवरून वर्गात भांडण लागतं. भांडणातून आलेलं मत पाठ करावं लागत नाही. सर म्हणतील, अभ्यासक्रम पूर्ण कधी करायचा? त्यांचंही चूक नाही. तोंडी परीक्षेचे गुण शाळेकडे आहेत, निदान ते तरी या भांडणाला द्यावेत.

राहिला शेपटीचा प्रश्न. त्याला उत्तर देणारी माणसं आज आहेत, पण त्यांचे नंबर गाईडच्या मागच्या पानावर नसतात. लहान मुलांसाठी १०९८. हा नंबर मुंबईतला, १९९६ चा, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांच्या कामातून निघालेला. रेल्वे स्टेशनावर राहणारी मुलं अडचणीत सापडली की वेळी-अवेळी त्यांच्या घरी फोन करत. त्या फोनांतून ही सेवा उभी राहिली. दस-नौ-आठ असा उलटा मोजलेला आकडा न शिकलेल्या मुलाच्याही लक्षात राहतो म्हणून तो ठेवला. २०२३ पासून ती सेवा सरकार चालवतं. मन थाऱ्यावर नसेल तर १४४१६, टेलि-मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. परीक्षेच्या काळात मंडळही समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. नुसता नंबर भिंतीवर चिकटवून भागत नाही. फोन उचलणारा काय विचारेल, घरी कळेल का, पोलिस येतील का, हे मुलांना आधी सांगावं लागतं. नाहीतर ती पुन्हा यंत्रालाच विचारतील. यंत्र गोड बोलतं, पण दोन दिवसांनी ते आपणहून विचारत नाही, काय झालं पुढे?

आणि धड्याच्या प्रश्नाच्या मुळाशी जायची वाट वर्ध्यातूनच जाते. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये इथे स्थापन झालं. त्याचं बीज राष्ट्रभाषा प्रचार समितीनं १९७५ मध्ये नागपूरला भरवलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात पडलं होतं. या विद्यापीठानं 'हिंदी समय' या नावानं हिंदी साहित्याचं मोठं भांडार सगळ्यांना मोफत खुलं केलं. प्रेमचंदांच्या कथेवरचं उत्तर शोधण्याआधी कथाच वाचायला मिळते, पाठ्यपुस्तकात काटछाट झाली असेल तर पुरी. मराठीत असं एकजागी घसघशीत काही अजून नाही. १९६९ चं पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालचं साहित्य संमेलन वर्ध्यात झालं, २०२३ चंही झालं, शेजारी विद्रोहीही भरलं, पण दहावीच्या पोराला ज्या कवीची एकच कविता पुस्तकात भेटते त्याच्या आणखी दहा कविता मोबाइलवर कुठे वाचायच्या, हा ठराव कुठल्याच मांडवात झाल्याचं मला आठवत नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, तेवढं बरं. आणि वाईचा मराठी विश्वकोश आहे. त्याची नोंद गाईडपेक्षा अवघड वाटते, वाक्यं लांब, शब्द जड. पण नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. पटलं नाही तर वाईला पत्र टाकता येतं.